लव्हेंडर आणि भावजींची बादली

निवृत्त झाल्यावर भावजी थोरल्या भावाच्या घरी राहायला आले ते एक गाडी आणि उभ्या जगाला पुरतील एवढे सल्ले घेऊन. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात खुर्ची झिजवलेली. त्यामुळे पाण्यातलं आपल्यालाच कळतं हा ताठा. स्वतः प्यायलेला पेला मात्र कधी विसळला नाही.

गाडीला अंगणात जागा हवी होती, आणि तिथे वहिनींची लव्हेंडरची बारा झाडं होती. नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या घरात वहिनींनी चार वर्षांत ती एका रोपापासून वाढवली होती. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे आणि खडी यांचा उंचवटा केला. नऊ झाडं पायथ्याशी, तीन माथ्यावर. "देवानं दिलंय त्यात भागवणारं झाड आहे," असं त्या म्हणत. घरातल्या माणसांबद्दल असं म्हणायची सोय नव्हती.

"ही कसली राखाडी पानं? धूळ खातायत नुसती," भावजी म्हणाले. "दादा, फरशी घालून टाक इथे."

दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, समोर कुणीही बोललं तरी मान डोलवायचा. वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर निघाल्या, तेव्हा त्यानं निवाडा दिला, "तू येईपर्यंत जी जगतील ती राहतील. सगळी मेली तर फरशी."

"भावजी, एवढी कृपा करा," वहिनी दारातून म्हणाल्या, "काहीही करू नका. पाणी तर थेंबभरसुद्धा नको."

काहीही न करणं भावजींना नोकरीत उत्तम जमलं होतं; घरी मात्र कर्तबगारी उफाळून आली. रोज आंघोळीचं साबणाचं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचे, वर शेजाऱ्यांना ऐकवायचे, "याला म्हणतात बचत! वहिनींना काय कळतंय?" पानं पिवळी पडली, तशी दुसरी बादली सुरू झाली.

महिन्यानं वहिनी परतल्या. पायथ्याचं पहिलं झाड नुसतं धरलं तर हातातच आलं. मुळं काळी, कुजलेली. नऊच्या नऊ तशीच.

"रोपंच हलकी होती," भावजी म्हणाले. "मी तर पोटच्या पोरासारखी जपली."

"दिसतंय." वहिनी माथ्यावर चढल्या. तिथली माती खडखडीत कोरडी, तिन्ही झाडं ताठ, फुलांवर मधमाश्या. "यांना नाही जपलंत?"

"भरली बादली घेऊन वर कोण चढणार? गुडघे आहेत मला."

वहिनी खळखळून हसल्या. "देव तुमच्या आळसाचं भलं करो, भावजी! हुशारीनं नऊ मारलीत, आळसानं तीन वाचवलीत." मग नवऱ्याकडे वळल्या, "जी जगतील ती राहतील. शब्द तुमचाच ना?"

नवऱ्यानं मान डोलवली.

नवी रोपं करायला वहिनींनी त्या तीन झाडांचे कळ्या न आलेले बोटभर लांबीचे नऊ कोवळे शेंडे कापले. मग न्हाणीघरातली बादली आणून उपडी केली आणि खिळ्यानं तिच्या बुडाला भोकं पाडायला घेतली.

"अहो वहिनी, माझी बादली!"

"असू दे," बादलीत वाळू भरत त्या म्हणाल्या. "आता हिच्यात पाणी राहणार नाही."