वरच्या ओळीतली साखर

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने गावोगावच्या मंडळांना हाताशी धरून आरोग्य समित्या केल्या, तेव्हा आमच्या गावच्या समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. मी निवृत्त मुख्याध्यापक, आणि बाकी सगळ्यांना कामं होती. समितीत भजनी मंडळ, मच्छीमार संस्था, बायकांचा बचत गट आणि मशिदीच्या जमातीतर्फे एक वयस्क चाचा. या सगळ्यांनी काम चोख केलं. घाण मी एकट्याने केली, ती आज लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी शिमगा आटोपल्यावर शाळेत साखर तपासायचं शिबिर झालं. उद्घाटनाच्या भाषणात मी म्हणालो, की साखर वाढते ती आळशी आणि जिभेवर ताबा नसलेल्या माणसांची. टाळ्या पडल्या.

मग कामाला बसलो. सिस्टर बोटाला टोचून आकडा सांगायच्या, मी वहीत लिहायचो आणि वहीवरून पुढे कार्डं भरली जायची. माझ्या आधी माझा मित्र बसला. हा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर धुक्यात आंबोलीचा घाट उतरलेला माणूस, पण सुई दिसली की डोळे मिटून रामरक्षा म्हणतो. त्याचा आकडा एकशे दहा. मी लिहायच्या आतच सिस्टरनी माझं बोट धरलं. माझा दोनशे दहा. वहीत वरची ओळ त्याची, खालची माझी. दोनशे दहा मी वर लिहिले, एकशे दहा खाली. हात चुकला, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. हात चुकला नव्हता. नुकत्याच पडलेल्या टाळ्या आठवल्या होत्या.

रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं. पुन्हा सुई म्हटल्यावर तो हात जोडून म्हणाला, "बाई, आधी पथ्य करतंय, मगे बघूया." त्या रागावल्या, पण पावसाळ्यापर्यंत थांबायला कबूल झाल्या.

कोणाला काय निघालं ते बाहेर बोलायचं नाही, असं त्यांनी समितीला बजावलं होतं. ते दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. प्रत्येक मंडळाने आपापला रुग्ण सांभाळायचा, असं ठरलं होतं. मित्र भजनात पखवाज वाजवायचा, म्हणून तो भजनी मंडळाच्या वाट्याला आला. भजन संपलं की सगळ्यांना उसळ-पाव आणि गोड चहा, त्याला काकडी. बाजारात कोळणी त्याला बांगडा द्यायच्या आधी विचारायच्या, "भात किती खातंस, ता सांग आधी." बचत गटाच्या बायका त्याला रोज खाडीपर्यंत चालवत न्यायच्या. आंब्याच्या हंगामात तो स्वतःच्या कलमांखाली बसून हापूस निवडायचा, पेट्या भरायचा आणि बोटं हुंगायचा.

एक पेटी त्याने माझ्या ओटीवर आणून ठेवली. "माका नाय, तर तू तरी खा रे मास्तरा."

मी खाल्ली.

पावसाच्या तोंडावर त्याने डोळे मिटून रक्त दिलं. साखर अगदी नॉर्मल निघाली. डॉक्टरबाईंना इतका आनंद झाला, की गावाने एकत्र येऊन रुग्ण बरा केल्याचं उदाहरण म्हणून त्याचा सत्कार ठरला. शाल अध्यक्षांच्या हस्ते. मी त्याच्या संयमावर पंधरा मिनिटं बोललो. तो रडला. लोकांना वाटलं, मीही रडलो ते मैत्रीपोटी.

त्यानंतर माझ्या पायाला वहाण लागली आणि जखम महिनाभर भरेना. रुग्णालयात त्याच सिस्टरनी माझं बोट टोचलं, यंत्राकडे बघितलं, माझ्या कार्डाकडे बघितलं आणि कपाटातून शिबिराची वही काढली. वरच्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही सांगताय त्यांना, की मी सांगू?"

मित्र पडवीत सुपारी कातरत होता. मी सगळं सांगितलं. अडकित्ता थांबला.

"म्हणजे माका काय्येक नव्हता?"

"नाय."

"आणि पेटी?"

"खाल्लंय."

"सगळी?"

"चार आंबे बायकोन खाल्ल्यान."

"तिका बरा वाटला मां?" एवढं विचारून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून कबूल झालो. डॉक्टरबाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. मी दोन्ही आकडे खोडून ज्याचा त्याच्या ओळीत लिहिला आणि सही केली. राजीनामाही दिला. चाचा म्हणाले, "मास्तर, राजीनाम्यान साखर उतरत नाय. तुमका सांभाळतलो कोण, ता बोला." मी कुठल्याच मंडळात नव्हतो. मग मित्राने माझ्याकडे न बघता हात वर केला. "भजनी मंडळ."

तेव्हापासून तो रोज सकाळी माझ्या फाटकाशी येतो. गप्पा बंद, चहा बंद. गोळी गिळेपर्यंत उभा राहतो. माझ्यावर विश्वास नाही, म्हणून वर सांगतो, "जीभ दाखय." मी दाखवतो. तो जातो. आमचं बोलणं एवढंच.

गेल्या आठवड्यात पाऊस होता. तो घाईत होता आणि जीभ बघायची विसरून वळला. मीच हाक मारली, पावसात फाटकापर्यंत गेलो आणि तोंड उघडून दाखवली.

त्याने नीट वाकून बघितली.