खंडेनवमीला पाना मिळत नाही

चौथीतनं शाळा सुटली आणि पुढं सगळा जन्म ट्रकच्या चाकावर गेला. शिकलेल्या लोकांशी माझं काही वाकडं नाही, पण कुठल्याही यंत्रापुढं हात जोडून उभ्या राहणाऱ्या माणसांशी मात्र आहे. तसली माणसं आमच्या कोल्हापुरात गल्लीगल्लीला मिळतात. आमच्या घरात तर एक जन्मालाच आला होता. माझा थोरला भाऊ.

आमचं आवार एक आणि घरं दोन. मागच्या अंगाला त्याचा गोठा, पुढच्या अंगाला माझं गवत. हे गवत म्हणजे हिरवळ, बंगल्यांपुढं असते तसली. पंच्याहत्तर सालच्या आसपास पुण्याला गुळाचा माल टाकून येताना एक साहेब बंगला मोडून चाललेला भेटला. त्याच्याकडनं मी गवत कापायची पेट्रोलची मिशीन घेतली, रिकाम्या ट्रकात टाकली आणि घरी आणली. आधी मिशीन आली, मग तिच्यासाठी हिरवळ लावली. गल्ली हसली. हसू दे म्हटलं. म्हशीच्या तोंडचं गवत मिशिनीला घालणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता, त्यांचंही बरोबरच होतं.

पण त्या मिशिनीला मी कधी उपाशी ठेवलं नाही. कापून झालं की तिला कुशीवर कलती करायची, फिल्टरची बाजू वर ठेवून, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. खाली पात्याला चिकटलेला गवताचा लगदा खुरप्यानं खरवडायचा. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायचा, ऑइलचे चार थेंब देऊन पिळायचा. ऑइल काळं झालं की बदलायचं. उन्हाळ्यात बाजूला ठेवायच्या आधी टाकीतलं पेट्रोल संपवायचं, नाहीतर त्याचा डिंक होतो. एवढं केलं की मिशीन तुमची गुलाम. पण एवढं कोण करतो? आमच्या शेजारी गुळाचे एक व्यापारी होते. देवळात पायरी चुकणार नाही असा सज्जन जैन माणूस. त्यांच्या मोपेडचा प्लग मी उघडून दाखवला तेव्हा म्हणाले, "हे काढायचं पण असतं?" वर्षभर ऑइलचा थेंब नाही आणि नवमीला मात्र हळदीकुंकवाचा लेप!

एका वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला आणि गवत गुडघ्याला लागलं. तेवढ्यात थोरल्यानं दुसरी म्हैस आणली. गोठ्यात जागा नव्हती, म्हणून त्याचा डोळा माझ्या हिरवळीवर होता. रोज येऊन कमरेवर हात ठेवून बघायचा. जमीन दोघांची, त्यामुळं मला उघड नाही म्हणता येत नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा माझ्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, मांडतात. घोंगडं अंथरून त्यावर थोरल्याचे विळे, खुरपी, कुऱ्हाड आणि माझे पाने, पकडी, जॅक. मधोमध मिशीन. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारालाही सुट्टी.

थोरल्यानं नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं. मला वाटलं, आता आम्हाला तीर्थ देईल. तर त्यानं मिशिनीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि वाटी आत उपडी केली.

"दादा! आरं काय केलास ह्ये?"

"तीर्थ दिलं. आपल्याला तोंड हाय, तिला न्हाय व्हय?"

"पेट्रोल पिती ती, नारळ न्हाय!"

"वर्षाचं पेट्रोल पिती, एक दिस देवाचं पिऊ दे की." आणि मी झाकणाला हात घालायच्या आत पठ्ठ्यानं मिशीन सुरू करायची दोरी ओढली. पूजा झाल्यावर गाडी एकदा सुरू करायची असते म्हणे. हत्याराला हात लावायचा नसतो ते त्याच्या सोयीनं. मिशीन खोकली, भुर्र केलं, टाकीतलं तीर्थ नरड्यापर्यंत ओढून घेतलं आणि गप झाली. त्यानं आणखी ओढली. काही नाही.

थोरला मात्र खुशीत. "धाकल्या, मिशीन मेली तुजी. उद्या दसरा. उद्या सकाळी सुरू झाली न्हाय, तर माजी म्हस हितं बांदणार. बोल."

मी रागात होतो. "बांद," म्हटलं. मिशीबिशीला पीळ दिला असणार, त्या वयात देत होतो.

काम अवघड नव्हतं. टाकी रिकामी करायची. कार्बुरेटरच्या वाटीखालची कळ दाबून आतलं पाणी सोडायचं. प्लग काढून वाळवायचा. पहिल्या दोन कामांना हात पुरतात. प्लगला मात्र प्लगपाना लागतो, नळीसारखा वीतभर असतो तो. मी घोंगड्याकडं वळलो तर थोरला आडवा.

"पूजेतलं हत्यार उचलतोस? आज?"

"बघतो नुसतं."

झेंडूच्या ढिगाखाली नजर घातली. बाकीचे पाने होते, प्लगपानाच नव्हता. गणपतीपासनं तो दिसलाच नव्हता हे मला तेव्हा आठवलं, आणि थोरल्यानंच लांबवला असणार अशी खात्री झाली.

कोपऱ्यावर स्कूटरवाल्या मिस्त्रीचं दुकान होतं. मुसलमान माणूस, कोल्हापुरात पिढ्या गेलेल्या. म्हटलं, ह्याच्याकडं तरी पाना मोकळा असेल. दुकानात गेलो तर सगळे पाने एका पाटावर ओळीनं, प्रत्येकाला झेंडूचं फूल आणि समोर उदबत्ती.

"मिस्त्री, तुमी पण?"

"गडी पूजा मांडत्यात, डायवरसाब. मी आडवा कशाला येऊ? आज पाना उचलला की वर्षभर हात सटकतोय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"मागच्या साली एकानं उचलला. अंगठा बघा की." अंगठा त्याचा स्वतःचा होता.

तिथनं गुळवाल्यांकडं. त्यांच्या मोपेडच्या डिकीत पाना होता, पण त्यांच्या आईनं डिकीवरसुद्धा स्वस्तिक काढलं होतं आणि किल्ली देवापुढं. पुढं आणखी दोन गॅरेजं फिरलो. सगळीकडं झेंडू. एवढं मोठं शहर, कारखाने, गाड्या, आणि त्या दिवशी एक पाना मोकळा नाही! कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली असती तर दसऱ्यापर्यंत तिथंच सोनं वाटत बसला असता.

घरी आलो. थोरला रस्सा ओरपून माझ्याच सोप्यात घोरत होता. मागच्या दारी बायको न्हाणीघराच्या चुलीपुढं बसून पाणी तापवत होती आणि फुंकणीनं फुंकत होती. धूर डोळ्यांत जाऊन डोळे लाल. मी तिच्या हातात बघितलं.

"ह्यो प्लगपाना हाय!"

"फुंकणी हाय," ती म्हणाली. "आमची फुंकणी गणपतीत जाऊबाईंनी न्हेली, ती परत आली न्हाय. ही तुमच्या पेटीत सापडली. आखूड हाय, भुवया जळत्यात माज्या. पर चालतंय."

"पूजेत का ठेवला न्हाईस?"

"चुलीफुडची वस्तू कोण पुजतंय?" ती फुंकता फुंकता म्हणाली. "तुमच्या विळ्या-पान्यांस्नी आज सुट्टी हाय. सांडशीला, फुंकणीला, मला न्हाय. घ्या, पर पाणी तापल्यावर."

मी पाणी तापेपर्यंत थांबलो. दुसरं करणार काय?

"पर मिशीन पूजेतली हाय," मी म्हटलं. मलाही थोडं भ्या वाटत होतं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"बिघडली ती पूजा करूनच की. दुरुस्त करताना आणि काय वाईट हुणार?"

मिशीन उचलून मागच्या दारी आणली. पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं, तर खाली पाणी, वर पेट्रोल, दोन्ही वेगळी दिसत होती. वाटीची कळ दाबली, तिथंही तीर्थ. प्लग काढून दोरी ओढली तेव्हा भोकातनं तुषार उडाले आणि खोबऱ्याचा वास सुटला. पेट्रोल लांब ठेवून नुसता प्लग बायकोनं सांडशीत धरून निखाऱ्यावर वाळवला. नवीन पेट्रोल घातलं, प्लग बसवला. सुरू मात्र करून बघितली नाही. आवाजानं थोरला उठला असता. मिशीन परत घोंगड्यावर, फुलं होती तशी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गवत आणि म्हैस, म्हैस आणि गवत.

सकाळी थोरला नवं धोतर नेसून म्हशीचा कासरा धरून हजर. दुसऱ्या हातात खुंटी. वहिनी मागनं बादली घेऊन. एवढी घाई!

मी दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. काही नाही. थोरल्यानं खुंटी माझ्या हिरवळीत रोवली आणि दगडानं ठोकायला लागला. त्याच्या त्या ठोक्यांवर मला असा संताप आला की तिसऱ्यांदा ओढली ती खांद्यासकट. मिशीन फुरफुरली, पांढरा धूर सोडला आणि धडधडायला लागली. म्हैस भडकली, खुंटी उपटली आणि थोरल्याला ओढत रस्त्यापर्यंत घेऊन गेली. मी मागं वळून बघितलंही नाही. गवत कापत राहिलो.

मला वाटलं, आता हा हरला. कुठलं! धोतर झाडत आला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंसा? नारळ पाजला म्हणून सुरू झाली! न्हाईतर ह्याच्यानं कुठली?"

आणि गल्लीनं ऐकलं की! पुढच्या खंडेनवमीला गुळवाले घामाघूम होऊन मोपेड ढकलत माझ्या दारात. टाकीत नारळाचं पाणी घातलं होतं, तेही दोन नारळांचं.

"जरा प्लगपाना द्या."

मी आरामखुर्चीत बसलो होतो. "शेठ, आज खंडेनवमी हाय. पाना मिळत न्हाय."

तेवढ्यात आतनं बायकोचा आवाज आला. "थांबा वो जरा, पाणी तापू दे. फुंकणी हाय माज्याजवळ."