उदगीरच्या शिबिरातलं रडणं

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाळकसाहेबांजवळ नाही – आणि खरं सांगू? प्रार्थनेतही या जागी आले की मी घाईघाईनं दुसऱ्यांसाठी मागायला लागते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

नांदेडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघ मी चालवते. दर उन्हाळ्यात शिबिर असतं, आणि दर शिबिरात मी माझी साक्ष देते – सोळाव्या वर्षी उदगीरच्या शिबिरात प्रभूनं मला कसा स्पर्श केला, ते. पोरं जागची हलत नाहीत. साक्ष आहेच तशी. इतकी वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली.

स्पर्श झाला नव्हता.

दुपारची सभा होती. शाळेचा हॉल, वर पत्रे तापलेले, जेवणाची सुस्ती डोळ्यांवर. आम्ही सगळे गुडघ्यांवर. पुढच्या रांगेतली एक मुलगी हुंदके देऊ लागली, मग तिच्या शेजारची, मग मुलांच्या बाजूलाही. रडणं एकेक रांग ओलांडत माझ्याकडे येत होतं – आणि माझ्या आत काय होतं? काहीच नाही. गुडघे दुखत होते, एवढंच. सगळ्यांत आपण एकटेच कोरडे राहणार, या भीतीनं मी तोंड ओंजळीत लपवलं आणि खांदे हलवायला लागले. थोड्या वेळानं डोळ्यांत पाणीही आलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. पोरीवर पवित्र आत्मा उतरला, असं सगळे म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते.

करुणा माझी मैत्रीण. देगलूरला, माझ्या माहेरी, एकाच गल्लीत घरं, शिबिराला दोघींचे कपडे एकाच पिशवीत. संध्याकाळी हापशावर ताटं धुताना तिनं हळूच विचारलं, "मला तर काहीच होऊन नाही राहिलं गं. तुला खरंच झालं का?"

मलाही नाही – एवढंच तर म्हणायचं होतं ना? दोघी हसलो असतो. पण दुपारपासून सगळे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मला सोडवेना.

"तुझ्या मनात पाप दडलेलं हाय," मी म्हणाले. "ते सगळ्यांसमोर कबूल केल्याबिगर न्हाई होणार."

तिनं माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सभेत उभी राहिली आणि म्हणाली, आई अंथरुणाला खिळलीय, तिचं करून करून मी थकले, कधीकधी वाटतं ती मरून जावी. बोलून झाल्यावरही तिला रडू आलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली – आता होईल ना, असं विचारल्यासारखी. मी डोळे मिटून घेतले.

हॉलमध्ये निम्मे लोक देगलूरचे. आम्ही घरी पोचायच्या आधी ते शब्द तिच्या आईपर्यंत पोचले. आईनं तिच्या हातचं खाणं सोडलं, बोलणं सोडलं. दिवाळीआधी ती गेली, लेकीशी न बोलताच. करुणा परत चर्चची पायरी चढली नाही. मी मात्र चढत गेले.

आता माझ्या शिबिरात पोरं रडतात. त्यातल्या काहींना खरंच काहीतरी भेटतं, चेहऱ्यावरून कळतं मला. तेव्हा मी त्यांच्या डोक्यांवर हात ठेवत रांगांतून फिरते. त्याहून एकटी जागा मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात देगलूरच्या स्टँडवर करुणा भेटली. राग नाही, टोमणा नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "तुला अजून होतं का गं तसं, प्रार्थनेत?"

"हाव," मी म्हणाले.

"बरं हाय," ती म्हणाली. "आपल्या दोघींतल्या एकीला तरी भेटलं."

नांदेडची गाडी लागली होती. मी चढले, खिडकीतून हातही हलवला.

पुढच्या आठवड्यात शिबिर आहे. साक्ष मीच देणार आहे.