अटालिया आत्याने न घेतलेलं नाव

आमच्या अर्ध्या गावाला अटालिया आत्याच्या तोंडून नाव मिळालं, आणि या बयेला स्वतःचं नाव घ्यायची मात्र चोरी!

ऐन तरुणपणी सासरहून परत आली ती. मूल होत नाही म्हणून धाडलं मेल्यांनी. भावाने अंगणाच्या कडेला, काजूखाली खोपट बांधून दिलं, तेव्हापासून तिथेच. मी तिची शेजारीण. ओहोटी लागली की वाळूची टेकडी उतरून खडकावरची कालवं काढायची, समुद्र चढला की टेकडीमागच्या तळ्याकाठी कसावा खणायचा. गावात लग्न असो की मयत, नारळ खवायला हीच. दुसऱ्यांची पोरं पाठीला बांधून हिची पाठ वाकली, तरी एकाही पोरीला हिचं नाव नाही.

आमच्याकडे माणूस गेला तरी त्याचं नाव अंगणात हुंदडत असतं, जेवायला हाक मारली की धावत येतं. एकदा कालवं फोडता फोडता ती मला म्हणाली, "मी गेले की मला हाक कोण मारणार गं?" मी तिच्यावरच खेकसले.

तिचा भाचा आबिलियो खाणीवर, तिकडे परमुलखात. त्याच्या बायकोला, नेर्सियाला, मुलगी झाली. पोर छातीला लागेना, रडायची थांबेना. म्हणजे उघडच होतं, घरातलं कुणीतरी मोठं माणूस, गेलेलं नाहीतर हयात, तिच्या रूपाने हाक मागत होतं. पूर्वजांसाठी काजूच्या बुंध्याशी माडी ओतली आणि बापाची आत्या म्हणून अटालिया पोरीला मांडीवर घेऊन नावं पुकारायला बसली. ज्या नावाला पोर गप्प होईल, ते तिचं.

"पणजी रोसालिना आलीस का गं?" पोर रडतच होती.

"एमिलिया काकू?" आणखी जोरात.

"बरं, झुल्मीरा वहिनी?" पोरीची आजी झुल्मीरा लगेच लुगडं सावरून बसली. पोरीने असा टाहो फोडला की कोंबड्या पळाल्या. मला हसू आवरेना, तर झुल्मीराने डोळे वटारले.

"झाली सगळी," अटालिया म्हणाली. "उद्या बघू."

"झाली कुठे?" नेर्सिया चटईवरून म्हणाली. "तुमचं राहिलं की, आत्याबाई."

मग झुल्मीरा कडाडली, "सूनबाई, जीभ आवर! तिची कूस कधी भरली का? तेच पोरीच्या नशिबी आणतेस?"

तिच्या तोंडावर बोलली हो! माझं डोकं भणाणलं. पण अटालिया हळूच म्हणाली, "वहिनीचं खरंय. माझं नाव नको लेकराला." आणि पोरीला थोपटायला लागली.

"मग मीच घेते." नेर्सिया उठली, पोरीच्या कानाशी वाकली. "अटालिया."

पोर थांबली. शपथेवर सांगते, मी श्वास रोखला होता. पण तिने नुसता दम घेतला होता. पुढच्या क्षणी दुप्पट भोकांड!

"बघ, मला ठाऊकच होतं," म्हणत आत्याने पोर आईकडे दिली आणि ती उठली. नेर्सियाने तिचा पदर धरला.

"बसा हो. रडते तर रडू दे. कळा सुरू झाल्या तेव्हा माझा हात कुणी धरला होता? हिला पहिली आंघोळ कुणी घातली? पूर्वजांना हवं ते पूर्वज मागतात. मी आई आहे, मलाही काही हवंय. हिचं नाव अटालिया."

असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. पोर नको म्हणत असताना नाव ठेवायचं म्हणजे काय! मी झुल्मीराकडे बघितलं, आता ही सुनेला फाडून खाणार.

पण झुल्मीरा बघत होती नणंदेकडे. अटालिया वाळूत बसली होती आणि तोंड उघडं टाकून, लाजलज्जा सोडून रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आईच्या हातात पोर रडते, खाली ही रडते, आणि माझेही डोळे वाहायला लागलेले.

झुल्मीराने कपाळावर हात मारला. सुनेच्या हातातली पोर खांद्यावर टाकली, तशीच वाळूत बसली आणि दुसऱ्या हाताने नणंदेचं डोकं कुशीत ओढलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "आता आधी कुठल्या अटालियाला गप्प करू?"