नुसतं डिस्टिल्ड वॉटर

बॅटरीवाले म्हणून बाबांना अख्खी गल्ली ओळखते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि नळाचं पाणी घालणाऱ्याला दुकानाच्या पायरीवरच फैलावर घेतलं. आता दुकान नाही, त्यामुळे फैलावर घ्यायला मी उरले आहे.

महिन्याभरापूर्वी गाडीचा फुटलेला होजपाइप त्यांनी स्वतः बदलला, आणि तेव्हापासून इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा लाल दिवा विझायचं नाव घेईना. टाकी खुणेपर्यंत भरलेली, तरी दिवा आपला पेटलेलाच. त्यातच त्यांनी गाडी दोनदा फाटकाला घासली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रविवारी दुपारपर्यंत दिवा गेला नाही तर किल्ली माझ्याकडे." आईच्या गुडघ्याच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा तेच नेतात. सत्तरी ओलांडल्यावर घराबाहेरचं त्यांचं तेवढंच काम उरलंय, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

रविवारी सकाळपासून तिसऱ्यांदा टाकीतली पातळी ओळखणारा सेन्सर बाहेर निघाला. दोन बारीक पिना, बोटभर प्लॅस्टिक. बाबांनी जुन्या टूथब्रशने त्या घासघासून लख्ख केल्या, फुंकल्या, पुन्हा बसवल्या.

"टॉर्च नीट धर. तुझा हात हलतोय."

हलत होता तो त्यांचा हात. मी टॉर्च आणखी जवळ नेला.

किल्ली फिरवली. दिवा होताच.

"नवा सेन्सर आणते ना, बाबा! का जीव खाताय?"

"नवा कशाला? हा चांगलाय!"

शेवटी वैतागून मीच मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, टाकीत कूलंट कुठलं भरलंय?"

"कूलंट नाही. डिस्टिल्ड वॉटर. एकदम शुद्ध," बाबा छाती फुगवून म्हणाले.

"नुसतं?" पलीकडे तो हसला. "मग त्या दोन पिनांमधून करंट जाणार कसा? शुद्ध पाण्यातून जातो का? सेन्सरला वाटतं टाकी रिकामी आहे."

मी धावत जाऊन कूलंटचा डबा आणला. इंजिन गार झालेलंच होतं. त्यांनी सगळं पाणी काढून कूलंट भरलं आणि किल्ली फिरवली. दिवा विझला.

मला हायसं वाटलं. "सुटलो एकदाचे! किल्ली तुमचीच," मी म्हटलं.

त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली.

"अहो बाबा, दिवा गेला ना!"

"शुद्ध पाण्यातून करंट जात नाही, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोऱ्याला मी शिकवलंय," ते म्हणाले. "महिनाभर मला ते आठवलं नाही. बुधवारी आईला तू ने."

आणि ते हात धुवायला आत गेले.