टाचेला धुरा लागेपर्यंत

माझी धाकटी जाऊ योगेश्वरी पाच खेळ खेळते. मला एकही येत नाही, तरी रोज सकाळी मार मात्र मी खाते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा सूर चिडका वाटला तर कुणी नवल करू नये.

त्या खेळाचं नाव मॉडर्न पेंटॅथलॉन. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून थोडं आत आहे आणि तिथं हे नाव कुणाच्याच जिभेवर बसत नाही. 'बिसेनांच्या सुनेचा पाच-खेळ' एवढंच म्हणतात. तलवारबाजी, अडथळे, पोहणं, आणि शेवटी पळणं आणि पिस्तुलानं नेम धरणं एकत्र. पिस्तुलातून गोळी नाही, नुसता उजेड निघतो. पूर्वी अडथळ्यांच्या जागी घोडा होता म्हणे. तो काढला हे ऐकून आमच्या सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, देवाला हात जोडले.

"बरं झालं माय," म्हणाल्या, "नाही त घोड्याले खायले तणस आमचीच लागली असती."

योगेश्वरीचं माहेर सालेकसा तालुक्यातलं. घराला लागूनच तलाव, त्यामुळे चालायच्या आधी पोहायला शिकलेली. कॉलेजात पोहण्यात बक्षिसं मिळाली, मग लग्न झालं, मग आमच्या घरचं धान, गाय आणि चूल. संसारात रुळली असं वाटेपर्यंत गोंदियाच्या एका हिमांशू सरांनी तिच्या डोक्यात हे भरवलं. सर म्हणाले, या खेळात मुली कमी आहेत, तू मेहनत केलीस तर राज्याच्या चमूत जाशील. बाईच्या डोक्यात ते असं रुतलं की निघता निघेना. तिला नोकरी नको, पैसा नको. "ताई," मला एकदा म्हणाली, "मले फक्त एक डाव पाठीवर महाराष्ट्र लिहिलेला बनियान घालाचा हाय. मंग मी जलमभर धान रोवतो, कोणाले काही म्हणत नाही."

एवढं साधं मागणं, पण त्यानं सगळ्या घराची झोप उडवली.

उजाडायच्या आधी ती नहराच्या रस्त्यानं पळून यायची. मग बोडीत पोहणं. बोडी म्हणजे आमचं शेततळं, गढूळ पाण्याचं, म्हशींसह. मग गाईच्या कोठ्याच्या आड्याला लोंबकळून हात सरकवत या टोकाहून त्या टोकाला जायचं. हे झाले अडथळे. पिस्तूल घरी नव्हतं, म्हणून धापा टाकत यायचं आणि कोळशाची जुनी इस्त्री एका हातानं लांब धरून भिंतीवरच्या टिकलीकडे पाहत उभं राहायचं, हात हलेनासा होईपर्यंत. टिकली माझी. पाकिटातल्या टिकल्या कुठं जातात हे मला फार उशिरा कळलं.

राहिली तलवारबाजी. तिला समोर माणूस लागतो. तिचा नवरा संजू वायरमनच्या कामावर सकाळीच निघायचा, आमचे हे तर बांबू हातात घ्यायलाच लाजले. म्हणजे मी. मी, तुलसा, बी.ए. झालेली बाई, डोक्यावर संजूचं गाडीचं हेल्मेट, अंगात जुन्या गोधडीचा शिवलेला कोट, हातात चिंधी बांधलेला बांबू, अशी घरामागच्या वाडीत उभी राहायची. समोर ती, जाळीचा मुखवटा आणि खरी तलवार घेऊन. तलवारीचं टोक बोथट असतं, पण बोथट टोकानंही काळंनिळं होतं. माझ्या दंडाकडे पाहून शेजारच्या मंदाबाईंनी माझ्या नवऱ्याला दोन गोष्टी सुनावल्या. बिचारे निमूट ऐकून आले.

सरांनी तिला यंदा नवीन डाव शिकवला होता. पुढं धावायचं नाही. समोरचीला येऊ द्यायचं, आपण मागं मागं सरायचं, आणि ती घाईत जवळ आली की तिच्या मनगटावर टोचायचं. हा डाव तिला एका दिवसात आला. का येणार नाही? आमच्याकडे रोवणा म्हणजे धानाची लावणी, उलट्या पावलांचंच काम. कमरेत वाकायचं, पऱ्हे चिखलात खोचत एकेक पाऊल मागं यायचं. मागं वळून कुणी पाहत नाही. बांधी संपली की टाचेला धुरा लागतो, म्हणजे शेताच्या त्या तुकड्याचा मातीचा बांध. तेव्हा कंबर सरळ करायची. लहानपणापासून आमच्या टाचांना हे ठाऊक आहे.

वाडीत तिच्या मागं एक मातीचा उंचवटा होता. पावसाचं पाणी कोठ्यात शिरू नये म्हणून सासूबाई दरवर्षी मृगाच्या आधी तो आपल्या हातांनी घालायच्या. मी बांबू घेऊन चाल करायची, ती मागं सरायची, उंचवट्याला टाच लागली की तिथं पाय रोवून माझ्या मनगटावर अशी टोचायची की बांबू हातातून सुटायचा. गोंदियाला सर शिकवायचे त्या हॉलमध्येही मागं भिंतीला गादी लावलेली होती. मागं काही नसेल असं तिला कधी वाटलंच नाही. मलाही नाही.

हे तिसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी निवड चाचणीत ती पोहताना दोरीवर जाऊन आदळली, कारण बोडीत डोळे उघडून काही दिसत नसतं, म्हणून तिला डोळे मिटूनच पोहायची सवय लागली होती. दुसऱ्या वर्षी ऐन वेळी तापानं फणफणली. यंदा सासूबाईंनी सांगून टाकलं.

"हे आखरी साल. झालं त झालं, नाही त तलवार माळ्यावर. दोघ्या सुना सुकून काड्या होऊन राहिल्या. लोक म्हणतेत, बिसेनाच्या घरी खायले देत नाही."

योगेश्वरीनं मान हलवली आणि शब्द दिला. खरं सांगू का, त्या रात्री मला बरं वाटलं. झालं की झोपेन, न झालं की झोपेन, एवढाच माझा विचार होता. माणूस फार थकलं की त्याला दुसऱ्याची हार-जीत सारखीच वाटते.

चाचणी पुण्याला होती, जुलैत, ऐन रोवण्यात. संजूला रजा मिळाली नाही, म्हणून सोबत मी गेले. गाडीत ती रात्रभर बसून होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले, उलट असायला हवं होतं.

पहिला खेळ तलवारीचा. लांब, गुळगुळीत पट्टी आणि दोन्ही टोकांना जमिनीवर रंगानं ओढलेली रेघ. प्रत्येकीशी एकेक लढत, पहिला टोचा ज्याचा त्याची जीत. आणि मागची रेघ दोन्ही पायांनी ओलांडली तरी हार. हा नियम तिला पाठ होता. सरांनी दहादा सांगितला होता.

पहिल्या पोरीनं चाल केली. आमची मागं सरली, अगदी सुंदर, वाडीत सरायची तशी. मग आणखी मागं. सरही आले होते, ते बाजूनं ओरडले, "लाइन देख! लाइन! पीछे मत जा!" मुखवट्यातून तिला खालचं काय दिसणार? मला प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवरून तिचे पाय दिसत होते. तिची टाच मागं जाऊन जमीन चाचपत होती. काही लागत नव्हतं, म्हणून आणखी मागं जात होती. धुरा शोधत होती ती. तिथल्या कुणालाही ते कळलं नसतं, मला कळलं, आणि मी उठून ओरडेपर्यंत उशीर झाला. दोन्ही पाय रेघेबाहेर गेले. हार.

पुढच्या लढतीत तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. काही जिंकली, पण ज्या हरली त्या बऱ्याचशा अशाच हरली, टोचा न खाता. सर कपाळाला हात लावून बसले.

अडथळ्यांत ती माकडीसारखी गेली. पाण्यात तर तिनं डोळे उघडे ठेवले आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शेवटच्या पळण्यात तिनं एकेकीला मागं टाकलं, इस्त्री धरून धरून घडलेला हात जरासुद्धा हलला नाही. मी ओरडून ओरडून घसा बसवला. तरी सकाळी गमावलेलं भरून निघालं नाही. चमूत चार जणी घेतल्या. ही पाचवी.

घरी आलो त्या दिवशी तिनं अंघोळ केली, तलवार आणि मुखवटा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. सासूबाईंनी पाहिलं. "जेव," एवढंच म्हणाल्या.

मग रोवणा. पाऊस, चिखल, वाकलेली कंबर. ती न बोलता काम करायची, इतकं की बाया आपसात कुजबुजायच्या. मला सकाळी झोपायला मिळत होतं. म्हणजे मिळायला हवं होतं. ठरल्या वेळी डोळे आपोआप उघडायचे आणि मी छताकडे पाहत पडून राहायचे. माझ्या दंडावरचे डाग पिवळे पडत चालले होते, तेही बरं वाटेना. स्वतःचाच राग आला. जिच्यासाठी तीन वर्षं नवस केला ती झोप मिळाली, तर ती बेचव निघाली.

शेवटच्या बांधीतली शेवटची ओळ घरच्या सुनांनीच लावायची, अशी आमच्या घरची रीत आहे. मजूर बाया धुऱ्यावर बसल्या आणि आम्ही दोघी वाकलो. खोच, मागं, खोच, मागं. माझी टाच लागली, मी कंबर सरळ केली. तिचीही लागली. पण ती उठली नाही. वाकलेलीच, हात चिखलात.

"ताई," म्हणाली, "ह्या टाचेले इथं समजते. तिथं काऊन नाही समजलं वो मले?"

बाया हसत-खिदळत होत्या, एकमेकींवर चिखल उडवत होत्या. त्यांना वाटलं हिची कंबर धरली. तिचे डोळे पाहून मला रडू आलं आणि मी तोंडाला चिखल लागल्याचं निमित्त करून पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाग आली. मी उठले, कोपऱ्यातला फावडा घेतला आणि वाडीत जाऊन तो मातीचा उंचवटा फोडायला लागले. माती ओली, फावड्याला चिकटत होती. अंग ठणकत होतं. अर्धा झाला तेव्हा मागून आवाज आला.

"का करून राहिली वो तुलसा?"

सासूबाई कोठ्याच्या दारात उभ्या.

"बांध पाडून राहिली, आई."

"काऊन?"

"तिथं मागं काही नसते जी. नुसती रेघ असते. इथं तिच्या टाचेले हे लागते, म्हणून तिले थांबता येते. तिथं नाही लागलं." मी फावडा टेकून उभी राहिले. "म्हणून हरली ती. ताकद कमी नोहोती पडली."

"शब्द देल्ला होता तिनं."

"तिनं देल्ला होता. मी नोहोता देल्ला."

असं मी सासूबाईंना आजवर कधी बोलले नव्हते. त्यांनी मोडक्या बांधाची माती पायानं चाचपली. त्यांनीच घातलेला, दोन महिन्यांपूर्वी, वाकून वाकून.

"कोठ्यात पाणी शिरन," म्हणाल्या.

"हो जी."

त्या आत गेल्या. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील, संजूला उठवतील. पण त्या बाहेर आल्या त्या गाईचं दावं हातात धरून. गाय आणि वासरू त्यांनी वाडीच्या कडेच्या उंच छपरीत नेऊन खांबाला बांधलं. मग चुलीकडे गेल्या आणि टोपलीभर राख आणून माझ्या पायाशी ठेवली.

"जाड टाकजो. पातळ दिसन नाही."

मी राखेची रेघ ओढली. माळ्यावरचं लुगडं खाली काढलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि योगेश्वरीच्या खोलीचं दार वाजवलं. ती विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली. आधी माझ्या डोक्यावरचं हेल्मेट पाहिलं, मग सपाट झालेली जागा, मग रेघ, मग छपरीतली गाय. गाय पाहिल्यावर तिनं तोंडाला पदर लावला.

"मंग रडजो," मी म्हणाले. "मी थकून हाय, लवकर आटप."

तिनं मुखवटा चढवला. मी बांबू घेऊन पुढं सरले. ती मागं सरली, टाच जमीन चाचपत गेली, आणखी मागं गेली, आणि राखेवरून दोन्ही पाय पार पलीकडे.

"गेली ना वो बाहेर!" छपरीतून सासूबाई ओरडल्या. त्या गाईजवळ पाट टाकून बसल्या होत्या. "चाल, पुन्हा!"