व्हर्नाच्या घड्या

व्हर्ना आमच्या क्लबात कोणालाच आवडत नसे, आणि तिलाही आमच्यापैकी कोणी आवडत नसे. या एका बाबतीत क्लबात कधी दुमत झालं नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कॅन्सासच्या एका गायरानात रॉकेटं उडवायला जमतो. चाळीस-पन्नास जण, माणसापेक्षा उंच रॉकेटं पिकअपच्या मागे टाकून. उडवण्याआधी प्रत्येकाला तपासणीच्या टेबलापुढे उभं राहावं लागतं, आणि त्या टेबलामागे अकरा वर्षं ही बया बसलेली.

"वर काय, कोणीही घालवेल," ती म्हणायची. "खाली कसं आणणार ते दाखव."

खाली आणायचं म्हणजे पट्टा. रॉकेट वर पोचलं की आत भरलेली थोडीशी बंदुकीची दारू उडते, रॉकेटचे दोन भाग होतात, पॅराशूट बाहेर पडतं, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो एकच पट्टा. तो सुटला तर दहा किलोचं धूड सरळ लोकांच्या डोक्यावर. व्हर्नानं ट्रकच्या सीटबेल्टच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई मशीन चालवलेलं. पट्टा हातात आला की ती डोळे मिटायची, बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जायची, आणि मग टेबलाला पाय लावून असा हिसका मारायची की रॉकेटच्या मालकाचा जीव गोळा व्हायचा.

एकदा विचिटाहून एक इंजिनीअर आला होता, विमानाच्या कारखान्यातला.

"हा काय, बुटाचा बंद?" व्हर्नानं विचारलं.

"केव्हलार आहे, मॅडम. जळत नाही, तुटत नाही."

"ताणला जातो का?"

"नाही."

"मग हिसका कोण खाणार? तुझं नळकांडं. पट्टा ते उभं चिरत जाईल. आणि लांबी ही एवढीच? रॉकेटच्या पाचपट तरी हवी. वर पुन्हा गाठ मारलीस! गाठीपाशी निम्मी ताकद जाते, विमानवाले शिकवत नाहीत का तुला? चल, पुढचा."

तो बिचारा तीनशे मैल गाडी हाकून आलेला. तसाच परत गेला.

माझं रॉकेटही तिनं तीनदा परत पाठवलं होतं, पण मी तिच्यावर खार खाऊन होते ते डेल्बर्टमुळे. डेल्बर्ट तिचा नवरा, म्हणजे पूर्वीचा. क्लब सुरू केला तो त्यानंच. हसरा, सढळ हाताचा, कोणाचंही रॉकेट अडलं तर स्वतःचं सामान काढून देणारा. त्याच्या रॉकेटांचे पट्टे तेव्हा व्हर्ना शिवायची. बारा वर्षांपूर्वी त्याचं एक मोठं रॉकेट पॅराशूट न उघडताच येऊन आदळलं. डेल्बर्टनं ढिगाऱ्यातून पट्टा ओढून काढला. व्हर्ना लांब पट्ट्याच्या छोट्या छोट्या घड्या घालून त्या शिवून टाकायची. त्या सगळ्या घड्यांची शिवण उसवलेली होती. जेवणाच्या टेबलापाशी सगळ्यांपुढे त्यानं तो पट्टा उंच धरला.

"बघा रे, माझ्या बायकोची शिलाई! कच्चा दोरा वापरलाय, हातानं तुटतोय. माझ्या रॉकेटवर कसला राग आहे कोण जाणे!"

सगळे हसले. मीही हसले. व्हर्ना ताटात बटाट्याचं सॅलड वाढून घेत होती, ते तिनं घेतलं आणि खाल्लं. त्याच महिन्यात ती घर सोडून गेली. पुढच्या वर्षी तपासनिसाची परीक्षा देऊन ती आमच्या टेबलावर येऊन बसली. आम्हाला वाटलं, सूड उगवायला आली.

यंदाच्या एप्रिलमध्ये डेल्बर्ट सर्वांत मोठ्या इंजिनाच्या परवान्यासाठी उतरला. त्यासाठी एकच अट असते: रॉकेट वर जावं आणि अखंड खाली यावं. याआधी दोनदा तो नापास झाला होता. आता वय चौऱ्याहत्तर, एक डोळा गेलेला, दुसरा वर्षअखेरपर्यंत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ते वर जाताना बघतो, मग काय व्हायचं ते होवो," एवढंच तो म्हणायचा. दोन वर्षं राबून त्यानं अकरा फुटी रॉकेट बांधलं. पट्टा मात्र मुद्दाम तोच जुना घेतला, व्हर्नाचा. तिच्याच पट्ट्यावर उडवून तिला खाली मान घालायला लावायची होती त्याला. हे त्यानं मला स्वतः सांगितलं आणि मला ते फार आवडलं.

व्हर्नानं डोळे मिटले, बोटं पट्ट्यावरून फिरवली. घड्यांपाशी ती थांबली.

"ही शिवण कोणाची?"

"माझी," डेल्बर्ट म्हणाला. "मासेमारीचा दोरा आहे, वरून गोंदही चोपडलाय. तुझी कच्ची होती ना."

"उसव."

"काय?"

"घड्यांची शिवण उसव. नाहीतर रॉकेट घरी ने."

"एकदा तोंडावर पाडलंस, पोट भरलं नाही का तुझं? मरेपर्यंत आडवी येणार आहेस?"

व्हर्नानं पट्टा टेबलावर ठेवला आणि मागच्या माणसाला हात केला. का उसवायचं, ते एका शब्दानं सांगितलं नाही.

माझं डोकं फिरलं. एका तपासनिसानं नाकारलं तर दुसऱ्याकडे जाता येतं, असा आमचा नियम आहे, आणि दुसरी तपासनीस मी. मी पट्टा पिकअपच्या मागच्या हुकात अडकवला आणि अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळले. एक टाका हलला नाही. मी सही ठोकली आणि व्हर्नाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "याला म्हणतात शिलाई!"

रॉकेट सुंदर गेलं. पण वर दारू दोन सेकंद उशिरा उडाली. तोवर रॉकेट तोंड खाली करून वेग घेऊ लागलं होतं. पट्टा ताठ झाला आणि एकाच दणक्यात खालच्या भागातल्या लाकडी चकतीतून, पट्टा बांधलेला बोल्टच उपटून निघाला. पट्ट्याला काही झालं नाही. इंजिनाचा भाग सुटला, भोंग्यावरून कोणीतरी "पळा!" म्हणून ओरडलं, आणि ते धूड डेल्बर्टपासून तीस पावलांवर जमिनीत रुतलं.

डेल्बर्ट जागचा हलला नव्हता. तो मान वर करून तरंगत येणाऱ्या पॅराशूटकडे बघत होता, आणि हसत होता.

"आलं ना? डार्ला, सगळं आलं ना?"

हे तो मला विचारत होता.

"निम्मं आलं," व्हर्ना म्हणाली. ती टेबल सोडून आली होती. पॅराशूट जवळच येऊन पडलं, तशी तिनं पट्टा उचलून माझ्यापुढे धरला. "झटका बसला की एक घडी उसवायची, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीनं थोडा थोडा हिसका खायचा. म्हणून कच्चा दोरा. त्या वेळी याच्या पॅराशूटच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या. माझ्या घड्यांनी आपलं काम केलं होतं."

मला स्वतःची शिसारी आली. पट्ट्याच्या घड्यांना कागदी टेप आम्ही सगळेच लावतो. ती तुटण्यासाठीच असते, हे या मैदानावरचं शेंबडं पोरही सांगेल. तेच काम दोरा करतोय, हे बारा वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण दोरा व्हर्नाचा होता.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" डेल्बर्टचा आवाज चिरका झाला होता.

"तू मला विचारलं नाहीस, डेल. तू त्यांना सांगितलंस."

त्यानं चाचपडत टोपी सारखी केली. मग म्हणाला, "एक शिवून दे, व्हर्न. मला दिसतंय तोवर. लाकूडकाम मी महिन्यात करतो."

"देते," व्हर्ना म्हणाली. "आज रात्री बसून शिवते. फक्त तो भोंगा घे आणि माझा दोरा कच्चा का होता, ते सगळ्यांना सांग."

भोंगा माझ्या बाजूच्या टेबलावर होता. माणसं मोडतोड बघायला गोळा झाली होती, आणि आमच्याकडेच बघत होती. डेल्बर्ट भोंग्याच्या दिशेनं दोन पावलं गेला, थांबला, आणि वळून आपल्या पिकअपकडे चालू लागला. वाटेत दोनदा ठेचकाळला. कोणी हात धरायला गेलं, त्याला त्यानं झिडकारलं.

मग व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं. सही माझी होती, आणि भोंगा माझ्या हाताशी. ती थांबली होती, अगदी पुरेसा वेळ.

मीही तोंड उघडलं नाही.